मधात कोनी नाई

“पुढं सरका जी, पुढं जागा हाये!”

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. भरलेल्या लाल बसमध्ये, कुणाची तरी टोपली पायात आणि कुणाचं तरी कोपर बरगडीत असताना. मला ते एका रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर ऐकायला मिळालं. कोहमाऱ्याच्या अलीकडच्या चढावर माझी सायकल रडतखडत चालली होती, पुढे चिटपाखरू नव्हतं, आणि मागून एक बाई खणखणीत आवाजात मला पुढे सरकायला सांगत होत्या. शिवाय एक हात डोक्याच्याही वर नेऊन घंटीची नसलेली दोरी दोनदा ओढत होत्या. मी मनात म्हटलं, अहो बाई, पुढे जागाच जागा आहे, पायांत जीव नाही!

माझं गोंदियात बसस्टँडसमोर औषधांचं दुकान. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल गळ्यात मारली, आणि मी मुळातच किरकिरा माणूस, त्यामुळे आमच्या रविवारच्या टोळक्यात कुणी माझ्या वाऱ्याला उभं राहत नसे. या बाई राहिल्या. देवरीच्या गाडीवर त्या कंडक्टर होत्या. डोकेदुखीची गोळी घ्यायला दुकानात यायच्या तेव्हा मी त्यांना ओळखत होतो, पण खाकीतल्या बाई आणि हेल्मेट घातलेल्या बाई एकच आहेत हे ध्यानात यायला मला तो चढ लागला.

त्यांनी आल्या आल्या टोळक्याला नियम लावला. प्रत्येक सायकलला घंटी पाहिजेच. आमच्यातले धान्यबाजारातले एक शेठ म्हणाले, “बाई, इतनी महंगी सायकल पे घंटी अच्छी नहीं दिखती.” बाई म्हणाल्या, “घंटी नाई थे सायकल विनातिकीट. उतरा खाली.” शेठजींनी त्याच आठवड्यात घंटी बसवली. एक टिंग म्हणजे थांबा, दोन टिंग म्हणजे चला. चहाच्या टपरीवरूनसुद्धा बाईंनी डबल दिल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आम्ही हसायचो आणि पाळायचो.

हे सगळं खरं तर एका माणसासाठी होतं, हे मला फार उशिरा कळलं. डायवरभाऊ. बाईंच्या गाडीवर वर्षानुवर्षं तेच ड्रायव्हर होते, बाईंच्या आधी निवृत्त झालेले. बायको गेलेली, पोरं पुण्याकडे, घरात बसून माणूस वाळत चाललेला. बाईंनीच त्यांना सायकल घ्यायला लावली. उजवा कान इंजिनानं खाल्लेला, डावा अर्धामुर्धा. हाक मारली तर तिसऱ्या खेपेला “आं?” म्हणायचे. पण बाईंची घंटी मात्र कुठूनही ऐकू यायची. एक वाजली की पाय टेकून उभे, दोन वाजल्या की चालू. आणि मागे वळून पाहणं नाहीच.

“मागं पाहत जा न जी कधी,” मी एकदा चिडून म्हटलं. मी पंक्चर होऊन बसलो होतो आणि हे गृहस्थ निघून गेले होते.

“मांगचं पाहाले कंडक्टर असते,” ते शांतपणे म्हणाले. “डायवरनं रस्ता पाहावा.”

दुकानातून मी या जोडीला रोज पाहिलेलं होतं. डेपोत गाडी मागे घ्यायची तर बाई खाली उतरायच्या, गाडीच्या पाठीमागे जाऊन पत्र्यावर तळहातानं थापा मारायच्या. ढब, ढब, ढब. थापा चालू आहेत तोवर येऊ द्या. एक मोठी थाप पडली की जागच्या जागी थांबा. अंगावर येणाऱ्या त्या धुडाला त्या गाय गोठ्यात घ्यावी तसं आत घ्यायच्या. डायवरभाऊंचं लक्ष तेव्हाही समोरच.

त्या वर्षी गुड फ्रायडे एप्रिलात आला, जोडून शनिवार-रविवार. बाईंनी सुट्टी टाकली. “चौदा तारखेच्या आंदर जाऊन येऊ,” त्या म्हणाल्या. चौदा एप्रिलच्या आधी विहारात रंगरंगोटीचं काम असायचं आणि त्यांच्याशिवाय तिथं पान हलत नसे. टोळक्यातल्या बाकीच्यांनी ऐन वेळी पाय मागे घेतले. कुणाचं लग्न निघालं, कुणाचं पोट बिघडलं. उरलो तिघं. गोंदियाहून नवेगावबांध, तिथं मुक्काम, सकाळी इटियाडोहचं धरण पाहून परत, असा बेत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नवेगावहून निघालो. मोहाचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल आणि हवेत तो गोडसर, आंबूस वास. मोह वेचायला सोपा जावा म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, हे तुम्हाला माहीत असेल. त्यामुळे प्रत्येक झाडाखाली काळ्या जमिनीचा गोल आणि त्यावर पिवळट फुलं. दिसायला फार सुंदर. मी कधी नव्हे तो खूश होतो आणि त्याचं मला नवल वाटत होतं.

डायवरभाऊ पुढे. त्यांच्या मागे दोन बस उभ्या राहतील एवढ्या अंतरावर बाई. बाईंच्या मागच्या चाकाला चिकटून मी. थोडा उतार होता, कुणी पायडल मारत नव्हतं.

डावीकडच्या एका मोहाखालची काळी जमीन हलली.

मी खरंच आधी तेच पाहिलं. जमीन हलली, आणि मग तिला पाठ आली, पाठीवर केस आले, आणि त्या केसांना धरून बसलेलं एक लहान काळं गाठोडं दिसलं. अस्वल, आणि पाठीवर पिल्लू. ती मोह खाण्यात गुंग, तोंड खाली. डायवरभाऊ रस्ता पाहत सरळ तिच्याच रोखानं चालले होते. त्यांना जमीन काळी दिसत होती, बस.

बाईंचा अंगठा हलला. टिंग.

एक घंटी. डायवरभाऊंनी ब्रेक दाबला, डावा पाय टेकला आणि उभे राहिले. बरोबर त्या झाडासमोर! मागे न पाहता, डबल घंटीची वाट पाहत. आणि घंटीच्या आवाजानं अस्वलीनं मान वर केली.

आता दोघांच्या मध्ये रस्त्याची कड होती आणि थोडी जळकी जमीन. गल्लीतून समोरच्या ओट्यावर वाटी द्यावी एवढंच अंतर. डायवरभाऊंनी तेव्हा तिला पाहिलं, कारण त्यांचे खांदे एकदम वर चढले आणि तिथंच राहिले. पण माणूस हलला नाही. तुम्ही म्हणाल ओरडायचं. अहो, आवाज फुटला तर ओरडायचं!

“डबल द्या बाई,” मी कसाबसा पुटपुटलो. “जाऊ द्या त्यांना पुढं. उतार हाये, निघून जातील.”

बाईंचा अंगठा घंटीवरच होता. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “उजवीकडं पाहा.”

उजव्या बाजूला, डायवरभाऊंच्या थोडं पुढे, रस्त्याकडेच्या नालीत पालापाचोळा खसखसला. आणि तिथून बारीक, चिरका, लेकरासारखा आवाज आला. दुसरं पिल्लू. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेलं होतं आणि आता आईला बोलवत होतं.

“मधात हाये थो,” बाई म्हणाल्या. “मीच त्याले मधात उभा केला.”

जंगलाशेजारी राहणाऱ्या कुणालाही विचारा, वाघाच्या वाटेला गेलेला परत येतो, पण पिल्लं असलेल्या अस्वलीच्या आणि तिच्या पिल्लाच्या मध्ये सापडलेला माणूस तोंड घेऊन परत येत नाही. माझ्या दुकानात मलम घ्यायला येणारा एक म्हातारा आहे, त्याला एका बाजूला गालच नाही. मला त्या क्षणी त्याचंच तोंड दिसायला लागलं, डायवरभाऊंच्या मानेवर बसवलेलं. पुढे गेले तर पिल्लाच्या अंगावर जातात. थांबले तर आई येते. आणि बाईंनी डबल दिली असती ना, तर तो माणूस डोळे झाकून पुढे गेला असता, याबद्दल मला आजही शंका नाही.

अस्वली मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. नाकातून तिनं असा हुंकार काढला की माझ्या सायकलचं हँडल हातात हललं.

बाईंनी सायकल रस्त्यावर आडवी ठेवली. आदळली नाही, निजवली. कॅरियरवर पोह्यांचा स्टीलचा डबा बांधलेला होता, तो सोडवला, डाव्या हातात धरला आणि उजव्या तळहातानं त्यावर थाप मारली. ढब. मग परत. ढब. ढब. सावकाश, एका लयीत.

मला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. अस्वलीला वाजवून दाखवतात का कुणी?

डायवरभाऊंचे खांदे खाली आले. ते सायकलवरून उतरले, तोंड अस्वलीकडेच, आणि एक पाय मागे टाकला. मग दुसरा. सायकल हातात धरून, उलट्या पावलांनी, आमच्याकडे. ढब, ढब, ढब, येऊ द्या. सायकल मागे ढकलली की पायडल उलटं फिरतं आणि नडगीवर बसतं. दर दोन पावलांनी ते त्यांच्या नडगीवर बसत होतं, मला तो आवाज ऐकू येत होता, आणि त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. मागे तर नाहीच नाही.

अस्वली खाली टेकली आणि झपकन रस्त्यावर आली. पाठीवरचं पिल्लू घसरता घसरता राहिलं. बाईंनी डब्यावर एकच मोठी थाप मारली. ढब्ब! डायवरभाऊ गच्च उभे. सायकल त्यांच्या आणि तिच्या मध्ये, बस, तेवढंच. ती फुसफुसत होती, पायानं डांबर खरवडत होती. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, मिटले.

उघडले तेव्हा नालीतून ते दुसरं गाठोडं वर येत होतं. ते धडपडत, एकदा पालथं पडून, डायवरभाऊंच्या पुढच्या चाकापासून थोड्या अंतरावरून रस्ता ओलांडून आईच्या पोटाखाली घुसलं. तिनं त्याला हुंगलं. ते केसांना धरून वर चढलं, भावंडाला ढकलून बसलं. मग तिनं आमच्याकडे पुन्हा पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि वळून झाडीत गेली. पाला मोडल्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

कुणी हललं नाही. डायवरभाऊ पाठमोरे उभे होते. त्यांना डबल हवी होती.

बाईंनी सायकल उचलली. अंगठा घंटीवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. डाव्या झाडीत पाहिलं, उजव्या नालीत पाहिलं, परत डावीकडे. मग त्या भर रस्त्यात मांडी घालून बसल्या आणि डबा मांडीत घेऊन रडायला लागल्या. आवाज न करता, हेल्मेटसकट.

तेव्हा डायवरभाऊंनी मागे वळून पाहिलं. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा.

“का झालं जी बाई? काऊन रडून राह्यले?”

बाईंनी नुसता हात हलवला. टोपल्या घेतलेल्या मोह वेचणाऱ्या बाया समोरून आल्या, त्यांनी हकीकत ऐकून आम्हा तिघांना वेड्यात काढलं, आणि पुढचा रस्ता आम्ही सायकली हातात धरून पायीच काटला. डबल काही वाजली नाही.

इटियाडोहच्या पाळीवर बसून पोहे खाल्ले. डबा चेपला होता. समोर एवढं पाणी, पण बाई त्याच्याकडे पाहीनात.

“मी वाजवली नसती तं तुमी निघून गेले असते,” त्या म्हणाल्या. “तिनं मान वर नसती केली.”

“तुमी वाजवली नसती तं थे पिल्लू माह्या चाकाखाली आलं असतं.”

“नाई आलं असतं.”

“तुमाले का माहीत?”

“तुमाले का माहीत?”

असं बराच वेळ चाललं. दोघांचंही खरं असू शकत होतं, म्हणून ते मिटेना. मी मध्ये पडायला गेलो तर दोघंही एकदम माझ्यावर खेकसले. शेवटी डायवरभाऊ वैतागून म्हणाले, “मांगं तुमीच घेतलं न मले? मंग कायले रडता!” बाई म्हणाल्या, “मधात उभं बी मीच केलं होतं.” आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतर बाई रविवारी आल्या नाहीत. एकदा गोळी घ्यायला आल्या तेव्हा मी म्हटलं, पुढं सरका म्हणणारं कुणी नाही, आमचं टोळकं पार ढेपाळलंय. त्या म्हणाल्या, “घंटी काढून ठेवली जी मी.” सायकलला घंटी नसली तर काय होतं हे मी त्यांना विचारलं नाही. मलाही कधी कधी गप्प राहायला जमतं.

गाडीवर मात्र जावंच लागे. देवरीच्या गाडीची ख्याती अशी की तिच्यावर लोक घड्याळ लावत. ती आता उशिरा यायला लागली. गिऱ्हाइकं माझ्या काउंटरवर कुरकुरायची. बाई प्रत्येक थांब्यावर दारात उभ्या राहून या बाजूला पाहतात, त्या बाजूला पाहतात, वाकून चाकाखाली पाहतात, मग कुठं डबल देतात. “बाई बुढ़ी हो गई,” एक जण म्हणाला. मी त्याला सुट्टे पैसे नाहीत म्हणून परत पाठवला. गल्ल्यात होते.

बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. डायवरभाऊ सकाळीच दुकानात आले, इस्त्रीचा सदरा घालून. “चला, देवरीले जाऊन येऊ.” मी दुकान पोराच्या मामाकडे सोपवलं आणि गेलो. परतीच्या फेरीला आम्ही दोघं बाईंच्या गाडीत बसलो. डायवरभाऊ ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर, तोंड समोर. बाईंनी आमच्याकडूनही तिकिटाचे पैसे घेतले. हसल्या नाहीत. डोळे लाल होते.

गोंदियाच्या आधीचा शेवटचा थांबा. टिंग. माणसं उतरली. त्यानंतर थेट डेपो, म्हणजे ही डबल दिली की संपलं. बाई दारात गेल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वाकल्या, उठल्या. दोरीला हात लावला. आणि तो तसाच राहिला.

नवा ड्रायव्हर आरशात पाहायला लागला. मागून कुणी ओरडलं, “द्या न बाई डबल, घरी जाऊ द्या!” बाईंचा हात दोरीवर, नजर बाहेर, ओठ आवळलेले. मला वाटलं, या आता इथंच खाली बसतात.

डायवरभाऊंना मागचा गलका ऐकू आला नसणार. पण गाडी किती वेळ उभी आहे हे त्यांना बुडाखालच्या सीटनं सांगितलं असेल. मागे न वळता, समोरच्या काचेकडे पाहत, ते गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“द्या बाई. मधात कोनी नाई.”

टिंग. टिंग.

बाई आता रायपूरला लेकीकडे असतात. जाताना त्यांनी सायकल भाचीला दिली आणि घंटी डायवरभाऊंना. आम्ही दोघं अजून रविवारी निघतो. ती घंटी त्यांनी हँडलवर न लावता मागच्या कॅरियरला लावली आहे, जिथं त्यांचा स्वतःचा हात पोचत नाही. मी विचारलं, हे काय भलतंच? तर म्हणाले, “घंटी मांगूनच वाजते जी.”

चहा पिऊन झाला की ते सायकलवर बसतात, एक पाय टेकून, नजर रस्त्यावर. मी पैसे देतो, किरकिर करत त्यांच्या मागे जाऊन उभा राहतो. डावीकडे पाहतो. उजवीकडे पाहतो. नालीत पाहतो. मग दोनदा वाजवतो.